साहेब येऊन राह्यले

यवतमाळात नाश्त्याच्या कुठल्याही हॉटेलात शिरा. गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन चौकटी दिसतील: एक शेगावच्या गजानन महाराजांची, एक लक्ष्मीची आणि तिसरी अन्न सुरक्षेच्या परवान्याची. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती तिघांपुढूनही फिरते. दसऱ्याला तिसऱ्या चौकटीलाही झेंडूचा हार चढतो आणि तो नेमका नंबरावर येऊन बसतो. गिऱ्हाइकाला वाचता यावा म्हणून सरकारने दर्शनी भागात लावायला सांगितलेला कागद आमच्याकडे दर्शनालाच लावलेला असतो.

हार जरा बाजूला सारला तर खाली चौदा आकडे सापडतात. ते वाचता आले की मालकाचं अर्धं चरित्र कळतं. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन राज्याचे; महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५२१ अशी सुरुवात दिसली की समजायचं, नोंदणीवाला गडी, महाराष्ट्रातला, २०२१ साली कागदावर आलेला. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिची फी ठेवली वर्षाला शंभर रुपये. तेव्हापासून जिल्ह्यात एक चमत्कार दिसतो. ज्या गाडीभोवती सकाळी सात ते अकरा पाय ठेवायला जागा नसते, जिच्या मालकाने दोन मुलं नागपूरला इंजिनीअर केली, तिचीही उलाढाल विचाराल तर बारा लाखांच्या आतच. कचोरी फुगते, उलाढाल फुगत नाही.

पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याचा सगळा जीव भेसळीत अडकलेला. तिखटात विटेची भुकटी आहे का, दुधात पाणी आहे का, एवढंच तो बघायचा. मग २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, आणि सरकारने थेट स्वयंपाकघरात डोकवायचं ठरवलं. तोवर हा अधिकार फक्त सासूचा होता.

नियमात असंही लिहिलं आहे की नोंदणी केलेल्या प्रत्येक ठिकाणाची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी. लिहायला काय जातं! आमचा जिल्हा सोळा तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. उमरखेडचा ढाबा एका टोकाला, वणीतलं खानावळवजा घर दुसऱ्या टोकाला, मधे घाट, जंगल आणि रस्त्याची कामं. त्यात २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आणि आमची वेस तेलंगणाला चिकटलेली. अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांनी कचोरीकडे बघायचं म्हटलं तरी डोळे गुटख्याच्या गाडीकडेच लागलेले. अधिकाऱ्यांच्या पदांचा तुटवडा तर राज्यभराचा. त्यामुळे तपासणी हा आमच्याकडे पाहुण्यासारखा प्रकार आहे. येते कधीतरी, पण आली की घर लख्ख होतं.

ती येताना एकटी येत नाही, तिच्यापुढे बातमी धावते. आर्णी रोडवर पहिल्या दुकानापुढे गाडी थांबली की पाच मिनिटांत दत्त चौकात फोन वाजतो. समोरचा एवढंच म्हणतो, "साहेब येऊन राह्यले." पुढचं सांगावं लागत नाही. कारागिरांच्या डोक्यावर टोप्या उगवतात. उघड्या चटणीवर जाळी पडते. कोपऱ्यातलं कुत्रं, जे सकाळपासून घरच्यासारखं बसलेलं असतं, त्याला पहिल्यांदा हाड म्हटलं जातं. अशाच एका सकाळी मी मालकाला विचारलं,

"काऊन भाऊ, आज टोपी?"

"साहेब येऊन राह्यले ना."

"मंग रोज काऊन नाही घालत?"

"रोज तं तुमीच येता."

यावर काय बोलणार? शांतपणे आलुबोंडा मोडला.

पण तपासणीच्या दिवशी खरा कायापालट होतो तो फडक्याचा. आमच्या हॉटेलातलं फडकं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मूळ रंग कोणता, हे मालकालाही आठवत नाही. पोऱ्याच्या डाव्या खांद्यावर त्याचं कायमचं वास्तव्य. गिऱ्हाईक उठलं की ते टेबलावरून फिरतं आणि तर्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन ठेवतं. मग त्यानेच बशी पुसली जाते, बशीनंतर हात, हातानंतर कपाळ. मधे माशी दिसली तर तिच्यावर झटका, आणि गरम पातेलं उतरवायचं झालं तर तेच चिमट्याच्या जागी. दुपारी ते बादलीतल्या पाण्यात बुडतं. फडकं स्वच्छ होतं की बादली मळते, हे सांगणं कठीण. साहेबांच्या दिवशी मात्र खांद्यावर पांढराशुभ्र नॅपकिन असतो. मी पाहिला त्यावर किमतीचं स्टिकर अजून चिकटलेलं होतं, आणि पोऱ्या तो नॅपकिन टेबलाला लागू नये म्हणून जपत होता.

अधिकाऱ्यांच्या हातातला तपासणीचा तक्ता मात्र गंमत म्हणून केलेला नाही. खानपानाच्या ठिकाणांसाठीचा तक्ता एकूण ११४ गुणांचा आहे. पाणी पिण्यायोग्य आहे का, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते का, नखं कापलेली आहेत का, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलंय का, शाकाहारी-मांसाहारी वेगळं आहे का, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त काय, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, सगळं विचारलेलं. काही प्रश्नांवर चांदणी असते. चांदणीच्या प्रश्नात नापास झालात तर बाकीच्या गुणांचा उपयोग नाही. दहावीला गणितात नापास झाल्यावर चित्रकलेतले पैकीच्या पैकी जसे दाखवता येत नाहीत, तसं. शिवाय दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. आमच्याकडे एका हॉटेलात कामगार चार, त्यातले दोन मालकाचे भाचे, आणि प्रशिक्षण घेतलेले मालक स्वतः. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवसापासून ते गल्ल्यावर बसतात, आत जात नाहीत.

तापमानाचा मुद्दा तर यवतमाळकरांनी फ्रेम करून लावावा असा आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. या दोहोंच्या मधला पट्टा धोक्याचा, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आता मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे सकाळी काढून ठेवलेली चटणीच काय, टेबल, खुर्ची, गिऱ्हाईक आणि खुद्द तपासणी अधिकारी, सगळेच धोक्याच्या पट्ट्यात. अख्ख्या जिल्ह्याला मार्च ते जून सुधारणेची नोटीस द्यावी लागेल.

तेलाचा नियम त्याहून नाजूक. तळून तळून तेलात जी घटक द्रव्यं तयार होतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. १ जुलै २०१८ पासून त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदी आहे. मोजायला हातात धरायचं यंत्रही मिळतं, कढईत बुडवलं की आकडा सांगतं. आमच्या कारागिरांचं यंत्र म्हणजे त्यांचं नाक. आणि मुळात आमच्या कढईतलं तेल कधी बदलतच नाही, त्यात फक्त भर पडते. संध्याकाळी पातळी खाली गेली की वरून नवा पुडा फोडायचा. त्यामुळे "तेल आजचंच आहे" हे मालकाचं म्हणणं खोटं नसतं. त्यात थोडं आजचं असतंच, जसं थोडं गेल्या पोळ्याचंही असतं.

या तेलाच्या नियमावरून आठवलं, कचोरीवाल्यांच्या इतिहासात २०१८ हे साल काळ्या शाईने लिहावं लागेल. मार्चमध्ये राज्याने प्लास्टिकबंदी आणली. त्याच उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली आणि यवतमाळात टँकरमागे बायाबापड्यांच्या रांगा लागल्या. प्लेटा धुवायला पाणी नाही म्हणून हॉटेलवाल्यांनी एक युक्ती काढली: स्टीलच्या प्लेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, गिऱ्हाईक उठलं की पिशवी फेकायची, प्लेट कोरडीच्या कोरडी. अन्न सुरक्षेच्या दृष्टीने प्लेट स्वच्छ, प्लास्टिकबंदीच्या दृष्टीने तीच प्लेट गुन्हा. एका खात्याला दाखवायची ती प्लेट दुसऱ्या खात्यापासून लपवायची. जुलैत तेलाचा नियम आला. मग बिचारे वर्तमानपत्राकडे वळले, तर वर्ष सरता सरता पॅकेजिंगचे नियम निघाले आणि १ जुलै २०१९ पासून वर्तमानपत्रात अन्न बांधणं, ठेवणं हेही बंद झालं. छपाईच्या शाईत शिसं आणि इतर रसायनं असतात, गरम तेलकट पदार्थाला ती लागतात, हे कारण अगदी खरं आहे.

कागदावर तो नियम झाला, कागद मात्र गेला नाही. भज्याखाली बातमी आजही असते. आमच्यातले निम्मे लोक पेपर तिथेच वाचतात, तोही मागच्या महिन्यातला, अर्धवट. वणीच्या कोळसा खाणीचं काय झालं ते शेवटच्या ओळीत होतं आणि त्या ओळीवर तेल उतरलेलं. कापसाच्या भावाचा आकडा भज्याला चिकटून पोटात गेला. तेवढाच तो कुणाच्या तरी पदरात पडला म्हणायचा.

अधिकारी नमुना घेतात तेव्हाचा देखावाही बघण्यासारखा असतो. नमुन्याचे पैसे बाजारभावाने मोजून द्यावेत असा कायदाच आहे. मालकाला हे पटत नाही. "साहेब, तुमच्याकून पैसे घेऊ का?" असं तो हात जोडून म्हणतो आणि साहेब पैसे पुढे करत राहतात, उभ्या जिल्ह्यात हे एकच गिऱ्हाईक असं की ज्याला पैसे द्यायची घाई आणि घेणाऱ्याला नको. मग नमुन्याचे चार भाग होतात, मोहोर लागते, एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, बाकीचे जपून ठेवले जातात. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. स्वच्छतेत त्रुटी असल्या तर सुधारणेची नोटीस मिळते, तिचीही मुदत निदान चौदा दिवस. परवान्याचे आकडे चौदा, हे आपण पाहिलंच. कायदा करणाऱ्यांच्या मनात रामाचा वनवास होता की काय कोण जाणे. एवढं खरं की अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंडाची तरतूद असूनही, चौदावं रत्न आमच्या गल्लीत कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

आता या तपासणीत कुणाला किती गुण मिळाले, हे तुम्हाआम्हाला कळतं का? तर नाही. ते फाइलीत जातं. भिंतीवर लागतो तो परवाना, प्रगतिपुस्तक नाही. बहुतेकांचा घोळ होतो तो इथे. परवाना म्हणजे शाळेत नाव घातलं, एवढंच. पोरगं पास झालं की नाही ते वेगळं. त्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे दिल्लीच्या अन्न प्राधिकरणाने, हायजीन रेटिंग काढलं आहे. एक ते पाच हसरे चेहरे. पाच चेहरे हसले तर उत्तम, एकच हसला तर बाकीच्या चौघांचं काय झालं ते गिऱ्हाइकाने ओळखावं. पण ही योजना ऐच्छिक. हॉटेलवाल्याने आपणहून अर्ज करायचा, मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचं आणि निकाल लावायचा. ज्याचं स्वयंपाकघर चांगलं तो अर्ज करतो, आणि ज्याच्याबद्दल आपल्याला शंका असते तो कशाला करील?

डेन्मार्कने २००१ मध्ये असेच हसरे-रडवे चेहरे आणले, पण दारावर लावायची सक्ती केली. लॉस एंजेलिसने १९९८ पासून ए, बी, सी अशी अक्षरं लावली, न्यूयॉर्कने २०१० पासून. वेल्समध्ये २०१३ पासून शून्य ते पाचपैकी मिळालेला आकडा दारावर लावावाच लागतो, शून्य मिळालं तरी. कल्पना करा, आमच्या चौकात दारावर भला मोठा शून्य आणि आत तर्री-पोह्यांना तुफान गर्दी. यवतमाळकर म्हणेल, "शून्य म्हंजे तिखट कमी असेल."

कारण आमचं रेटिंग आम्हीच ठरवतो, बाहेर उभ्या मोटारसायकली मोजून. पांढरकवड्याच्या बाजूला चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर ढाबा निवडायचा असेल तर ट्रक मोजायचे. हे गणित अगदीच खोटं नाही, हेही कबूल करायला हवं. जिथे गर्दी तिथे माल पडून राहत नाही, घाणा कढईतून निघाला की थेट प्लेटीत, धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळायला त्याला वेळच नाही. पण गर्दीला चव कळते, हात धुतले का ते कळत नाही. मोबाइलवरच्या ताऱ्यांचंही तेच. चार पूर्णांक दोन दिसले की आपण निश्चिंत होतो, पण त्यातला अर्धा तारा पोचवणाऱ्या पोराच्या वेळेचा, अर्धा जास्तीच्या कांद्याचा. स्वयंपाकघर त्यातल्या कुणीच पाहिलेलं नसतं.

प्राधिकरणाच्या आणखीही योजना आहेत. खाऊगल्ल्यांसाठी एक, रेल्वे स्थानकांसाठी 'ईट राइट स्टेशन' ही एक. ही दुसरी आमच्या शहराला लागू होण्यात एक किरकोळ अडचण आहे: आमची छोटी रेल्वे, शकुंतला, बंद पडली. वर्ध्याहून येणारी मोठी गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली, म्हणजे चिंतामणी गणपतीच्या दारी थांबली. ती यवतमाळात येईल तेव्हा फलाटावरच्या समोशाचं बघू.

देवस्थानांच्या प्रसादासाठीही प्रमाणपत्र आहे, त्याचं नाव 'भोग'. इथे मात्र थोडं गंभीर व्हावं लागतं. यवतमाळचा दुर्गोत्सव गाजलेला. कोलकात्याखालोखाल आपलाच, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. नऊ दिवस महाप्रसादाच्या पंगती आणि घराघरांत उपवास. महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनी नोंदणी करावी असं प्रशासन सांगतं, आणि मंडळाचे कार्यकर्ते विचारतात, "देवीच्या प्रसादाने कोणाला काही झालं का बे?" देवीच्या प्रसादाने होत नाही, सकाळी सातला शिजवून दुपारी तीनला वाढलेल्या भाताने होतं. उपवासवाल्यांचं दुखणं निराळं. दर नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी राज्यात कुठून तरी येते. दमट जागेत साठवलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि तिच्यातून विष तयार होतं. म्हणून सुटी भगर किंवा तयार पीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा, असं प्रशासन बजावतं. हे ऐका. उपवास मोक्षासाठी असला तरी इतक्या तातडीने नको.

तर मग तुम्हीआम्ही करायचं काय? अधिकारी रोज येणार नाहीत. रोज आपण जातो, टोपीवाल्या भाऊंनी सांगितलंच आहे. मिठाईच्या दुकानात सुट्या पेढ्याच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावे' ही तारीख १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. ती नसेल तर विचारा. चौदा आकडी नंबर १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापायला हवा. आता आमच्याकडे बिल म्हणजे पोऱ्याने गल्ल्याकडे बघून मारलेली हाक, "दोन कचोरी, एक चहा, चष्मेवाले काका!" तिच्यावर नंबर छापता येत नाही, म्हणून कागदाचं बिल मागा. भाऊ चमकून बघतील, मग देतील.

आणि फारच जिद्द असेल तर कायद्याचं कलम ४० आहे. साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. अट एवढीच की आपण तो तपासायला नेतोय, हे विकत घेतानाच मालकाला सांगायचं: "भाऊ, दोन कचोऱ्या द्या. एक खायला, एक तपासायला." असं म्हणून बघा. तुमच्या कचोरीसाठी नवं तेल पडेल.

एवढं जमत नसेल तर तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक लिहून ठेवा: १८००-२२२-३६५. फोन फुकट लागतो.